देवाजवळ ठेवलेला नारळ

आमच्या भागात माणूस पोलिसाला भीत नाही तेवढा नारळाला भितो. कोणी तुमचं वाईट केलं आणि कोर्टकचेरी करायची ताकद नसली, की सरळ देवळात जायचं. तांबड्या फडक्यात नारळ बांधायचा, देवाजवळ ठेवायचा आणि काय ते सांगायचं. मग देव जाणे आणि तो माणूस जाणे. तुम्ही घरी येऊन भात टाकायचा. तो नारळ उठवायचा तर नियम एकच. ज्याने केलं त्याने देवासमोर उभं राहून चारचौघांदेखत स्वतःच्या तोंडाने कबूल व्हायचं, आणि ज्याने नारळ ठेवला त्याने 'पावलं' म्हणायचं. त्याशिवाय फडक्याची गाठ सुटत नाही.

माझ्या आईने असा एक नारळ ठेवला होता. ती ठेवत असताना आरतीचं ताट धरून मी तिच्या शेजारी उभी होते. ज्याच्यासाठी ती नारळ ठेवत होती तो खांबाला टेकून मागे उभा होता, आणि हे मला माहीत होतं. तिला नव्हतं.

आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. गोवा मुक्त झाल्यावर डिचोलीत खाणींचं काम वाढलं, तसे बाबा आम्हाला घेऊन इकडे आले. खाणीत मात्र ते स्वतः कधी गेले नाहीत. "जमिनीची आतडी काढूचा काम माका नको," म्हणायचे. नार्व्याला नदीकाठी दुसऱ्याची शेती कसायचे आणि रोज सायकलने जाऊन-येऊन करायचे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला मात्र ट्रकचं वेड. विसाव्या वर्षी तो खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. ट्रक मालकाचा, पण मिजास अशी की वाटावं ह्यानेच घडवलाय.

पावसाळाभर ट्रक उभे असत. दसरा झाला की सुरू. मग गावाचा रंगच पालटायचा. झाडं तांबडी, कौलं तांबडी, वाळत घातलेली बाबांची धोतरं तांबडी. नाक शिंकरलं तरी तांबडं. संध्याकाळी रस्त्यावर धुरळा एवढा की पुढच्या ट्रकचा मागचा दिवा दिसला तर नशीब.

त्या दसऱ्याला मी बाबांची सायकल घासली होती. घंटीची टोपी चिंचेने अशी लख्ख केली होती की तिच्यात तोंड दिसावं. बाबांनी दोनदा वाजवून बघितली आणि म्हणाले, "आता देवळातली घांट काढून हीच लावूया." चौदा वर्षांची होते मी. दिवसभर फुलून फिरले.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला दादा ट्रक घेऊन घरी आला आणि विहिरीपाशी लावला. आई देवळात दिवा लावायला गेली होती. मी मागच्या दारातून बघते तर हा बालदीवर बालदी पाणी काढून ट्रकचं तोंड धुतोय! दसरा आणि अमावास्या सोडली तर ह्या माणसाने कधी ट्रकला पाणी लावलेलं मी बघितलं नव्हतं. म्हटलं, "काय रे, आज सूर्य खंय उगवलो?" बंपरच्या फटीत काहीतरी अडकलं होतं, ते त्याने पान्याने उचकटून काढलं आणि हातात धरून उभा राहिला.

घंटीची टोपी होती. चेपलेली, पण चिंचेने घासलेली.

मी ओळखली. मी ओळखली हे बघून त्याने ओळखली. तोवर त्याला वाटत होतं की धुरळ्यात कुणाचं तरी जनावर लागलं. जनावर लागलं आणि ड्रायव्हर थांबला तर लोक त्याला सोलून काढतात, म्हणून तो थांबला नव्हता. एवढंच तो कसाबसा बोलला. मग म्हणाला, "बाय, सांगा नको."

मी काय केलं? ओरडले नाही. रस्त्याकडे धावले नाही. त्याच्या हातातली टोपी घेतली, मागच्या दाराशी गेले आणि तिथून हळदीच्या वाफ्यात भिरकावली. मग घरात जाऊन कंदील पुसायला बसले. अर्ध्या तासाने लोक बाबांना घोंगडीत घालून घेऊन आले. आणणारा एक जण सांगत होता की मघापर्यंत बोलत होते, पाणी मागत होते. अर्धा तास म्हणजे किती, हे मी पुढे आयुष्यभर मोजत आले आहे.

पोलीस आले, मोजमापं घेऊन गेले. सगळेच ट्रक तांबडे, सगळ्यांचेच बंपर चेपलेले. कोण सापडणार?

अकराव्या दिवशी सुतक फिटलं आणि आई देवळात गेली. रडली नाही. फडक्याला गाठ मारली, नारळ देवापुढे ठेवला आणि कोर्टात जबानी द्यावी तशी स्पष्ट बोलली: "ज्येणा ह्या केल्यान आणि ज्येणा ह्या लपयल्यान, त्येंच्या घरात दिवो लावक कोण उरूक नये, म्हाराजा." जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले. दादाही म्हणाला. माझ्या हातातलं ताट हललं आणि तेल सांडलं, तशी आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जड आसा."

नाव घेतलं नाही तिने. घेणार कुणाचं? बिननावाचा नारळ सगळ्यांत वाईट, असं आमच्याकडे म्हणतात. नाव दिलं तर देव त्या दारात जातो. नाव नाही दिलं तर स्वतः शोधत फिरतो.

पुढे चारपाच दिवसांनी एक विचित्र गोष्ट घडली. आईने पातोळ्या केल्या. तेरावं कालपरवा झालेलं, त्या वर्षी दिवाळीसुद्धा करायची नव्हती, आणि ही बाई हळदीच्या पानांवर तांदळाचं पीठ थापून, गूळखोबरं भरून पातोळ्या वाफवते! पानं जून झाली होती, कडा पिवळ्या पडल्या होत्या. शेजारणी दारातून वास घेऊन गेल्या आणि गावभर सांगून आल्या की नवऱ्याच्या मरणाने हिचं डोकं फिरलं. आईने पहिली पातोळी दादाच्या पानात वाढली. पातोळी म्हणजे त्याचा जीव, पण त्या दिवशी तो खाईना. "खा," ती म्हणाली. अशी म्हणाली की त्याने चार खाल्ल्या. मीही खाल्ल्या. मला लाज वाटली आणि गोडही लागल्या.

त्यानंतर आमच्या घरात भीती राहायला आली. दुसरा शब्द नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं. देवळात गेलं की माझे डोळे कोपऱ्यात जात. तिथे फडक्यात बांधलेले पाचसहा नारळ धूळ खात पडलेले असत. तिसरा आपला, असं मी मनाशी धरलं होतं. फडक्याचा रंग उडत चालला, पण नारळ तिथेच. गावात कुणा ड्रायव्हरचं पोर तापाने फणफणलं की लोक आमच्या घराकडे बघायचे. एक ड्रायव्हर तर आईच्या पाया पडून गेला, "मावशे, मी न्हय गो, देवाशप्पत मी न्हय!" आईने त्याला चहा दिला आणि पाठवला. लोक तिला बिचकू लागले. लग्नाकार्यात तिला पुढे बसवत आणि तिच्या पाठीमागे हळूच बोलत.

तीन वर्षांनी दादाचं लग्न झालं. वहिनी पेडण्याची, गरीब गाय. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात पोट पडलं. दुसऱ्या खेपेला सहाव्या. त्या दिवशी दादा विहिरीच्या कठड्यावर बसून मला म्हणाला, "दिवो लावक कोण उरूक नये. आयकलंस मा तू? मी देवळात जावन सांगतंय."

मी त्याला अडवलं. एकदा नाही, चार-पाचदा अडवलं. म्हटलं, आई जागच्या जागी मरेल. म्हटलं, तुला धरून नेतील, वहिनीचं काय? सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण ती नव्हतीच. तो बोलला की दुसरा प्रश्न यायचा: लपवलं कुणी? झाकली मूठ होती, आणि ती माझी होती. मला बघायला येणारे दोघे होकार देऊन फिरले, तेव्हा मीही त्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या नारळाकडेच बघितलं.

अशात नर्सबाई आमच्या बाहेरच्या खोलीत भाड्याने राहायला आली. बार्देशची ख्रिस्तांव, आरोग्य केंद्रात कामाला. जाडजूड, हसरी, रोज सकाळी पाववाल्या पोदेराशी पावाच्या आकारावरून भांडणारी. संध्याकाळी जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, बसून रोमी अक्षरांतलं आपलं धर्माचं पुस्तक वाचायची. आईला अक्षर येत नव्हतं, पण कथा म्हटली की तहानभूक हरपायची. देव कुणाचा का असेना! ती तांदूळ निवडायला नेमकी जनेलाखालीच बसू लागली. "वाच गो मोठ्यान. पुस्तक काय झिजाचा नाय."

नर्सबाई तिला जुन्या यहुद्यांच्या प्रोफेतांच्या गोष्टी सांगायची. प्रोफेत म्हणजे देवाने बोलायला लावलेली माणसं. राजाच्या दारात, बाजारात, वेशीवर उभे राहून ओरडायचे: तुम्ही पाप केलंत, आता आग येणार, दुष्काळ येणार, शत्रू येणार. मी आत चुलीपाशी ऐकायची. प्रत्येक गोष्ट वळून वळून त्या कोपऱ्यातच येऊन उभी राहायची.

एका प्रोफेताने सांगितलं होतं म्हणे, की तुमची पापं लालभडक असली तरी देव पांढरीशुभ्र करील. आई खळखळून हसली. "तुझ्या देवाक सांग, आधी आमच्या घोवाची धोतरां कर म्हणान. जल्म गेलो माझो धुवन." बाबांची धोतरं अजून पेटीत होती.

आणखी एकाला देवाने शत्रूच्या शहरात पाठवलं, की जा आणि सांग, तुमचा चाळीस दिवसांत नाश होणार. लोक घाबरले, रडले, उपाशी राहिले. देवाने माफ करून टाकलं. तर हा प्रोफेत शहराबाहेर जाऊन रुसून बसला: मला तोंडघशी पाडलंस! तो मला फार पटला. म्हटलं, बरोबर आहे त्याचं. रागावतोस तर नीट राग, माफ करतोस तर आधीच कर. माणसाला मधे टांगून ठेवतोस कशाला?

वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले. सहावा महिना सुखरूप गेला, सातवा लागला. नर्सबाईने तिला अंथरुणावरून उठू दिलं नाही. घरात कोणी मोठ्याने बोलेना. दादाने दाढी सोडली, जेवण सोडलं, ट्रकवर जायचा आणि यायचा. मी मनात दिवस मोजायची आणि देवळाच्या रस्त्याने जायचं टाळायची. बांधावर टिटवी ओरडली तरी उठून वहिनीच्या खोलीत डोकावायची.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी नर्सबाईने आणखी एका प्रोफेताची गोष्ट सांगितली. ह्या प्रोफेताची बायको त्याला सोडून दुसऱ्यांच्या मागे गेली होती आणि देवाने त्याला सांगितलं, जा, तिला घरी आण, पुन्हा माया कर. त्याच प्रोफेताच्या तोंडून देव बोलतो. आधी नेहमीचंच: हे माझं ऐकत नाहीत, ह्यांची गावं जळतील. आणि मधेच त्याचा आवाज फुटतो. त्या लोकांना आपलं पोर मानून म्हणतो, हा लहान होता तेव्हा हात धरून मी ह्याला चालायला शिकवलं, उचलून गालाशी धरलं, वाकून घास भरवला. ह्याला कसा टाकू? माझंच काळीज उलटतंय. नाही, राग काढणार नाही.

आईच्या हातातलं सूप थांबलं. "तेणा माफी मागल्यान, त्या पोरान?"

"ना," नर्सबाई म्हणाली. "अजून मागूंक ना."

"मगे देवान नियम मोडल्यान?"

"तो देव मू, मनीस न्हय," नर्सबाई म्हणाली.

आईने सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ हळदीच्या वाफ्याकडे बघत बसली. मला वाटलं तिला बाबा आठवले. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चक्क गुणगुणत भाकऱ्या थापू लागली. मला ते गुणगुणणंच जास्त भीतिदायक वाटलं.

आठव्यात, भर दुपारी वहिनीच्या कळा सुरू झाल्या. नर्सबाईने दार लावून घेतलं. म्हापशाच्या इस्पितळात न्यायला गाडी बोलवा म्हणाली, आणि लगेच आतूनच ओरडली की आता वेळ नाही, पाणी तापवा. दादा ओसरीवर पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरत होता. आतून वहिनी किंचाळली, तसा तो आईपुढे कोसळला. तिचे पाय धरले. "आये, मी मारलंय. बाबांक मी मारलंय. माझ्या ट्रकान. देवळात चल, नारळ उठव, माका धरून नेवंदे, पण ह्या पोर जगूंदे!"

मी दारात तापलेल्या पाण्याचं भांडं घेऊन उभी होते.

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सात वर्सां लागली तुका, बाबू," ती म्हणाली. "खंयचो नारळ? देवळात नारळ नाय."

दादाने मान वर केली.

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हळदीक पाणी घालूक गेलंय, तेव्हा घंटीची टोपी गावली. त्या तिन्हीसांजेक देवळातसून येताना ट्रक न्हालेलो मी बघितललंय. मी काय खुळी आसंय? रात कशी काढलंय ती माका म्हायत. सकाळी देवळात गेलंय. भटजी म्हणालो, असो नारळ उठत नाय, ज्येणा केल्यान तेणा येवक व्हया. मी म्हटलंय, देवाक सांगा, ह्या बायलेन नियम मोडल्यान. आणि तेंका सांगितलंय, ह्या खंय बोला नको." तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. "त्याच नारळाच्यो पातोळ्यो तू खाल्लंस. चार खाल्लंस."

दादा तिचाच पदर तोंडात कोंबून रडायला लागला.

मला मात्र राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. "मगे सांगूक काय झाला तुका? सात वर्सां!" मी ओरडले.

"तेणा येवन सांगूक व्हया म्हणान वाट बघी होतंय," ती म्हणाली. "आणि मगे भियालंय. दोनदा ह्या घरातला पोर गेला. माका वाटला, नियम मोडून उठयललो नारळ देवान मानूक नाय. माझ्याच तोंडान माझो वंश गेलो, ह्या कोणाक सांगू? त्या दिवशी नर्सबाय बोलली, तेव्हा माझो जीव थंड झालो. तिच्या देवान मोडल्यान तर आमचो काय दगडाचो आसा?"

आणि आमचा तर दगडाचाच होता! पण हसायला कुणाला सुचत नव्हतं. मी पाणी आत दिलं.

पोरगी संध्याकाळी झाली. एवढीशी, मुठीएवढं तोंड, आधी रडेनाच. नर्सबाईने तिला उलटी धरून पाठीवर चापट्या मारल्या, तेव्हा मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी म्हणाली. कापसात गुंडाळून तिला चुलीजवळ ठेवली. ती जगली. आज पणजीला नोकरीला आहे आणि मला फोनवर दम देते.

दादा दुसऱ्या दिवशी देवळात गेला आणि लोकांसमोर सगळं बोलला. नंतर पोलिसांतही जाऊन आला. जे भोगायचं ते भोगलं, ट्रक कायमचा सोडला, आणि बाबांच्या जागी नार्व्याला शेतीत उतरला. म्हातारपणी तो शांत झोपायचा. मला त्याचा हेवा वाटायचा.

कारण पोरगी झाली त्याच संध्याकाळची अजून एक गोष्ट आहे.

बाळंतिणीचं सगळं आवरून आई चुलीपाशी आली. मी ताट वाढून घेतलं होतं. ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. देवळात ताट हललं होतं तेव्हा बघितलं होतं, तशी. मग म्हणाली, "आणि तुका काय सांगूचा आसा, बाय?"

विहिरीपासून हळदीचा वाफा दिसतसुद्धा नव्हता. मधे गोठा होता. टोपी तिथे पोचायला मागच्या दारातूनच फेकायला हवी, आणि त्या वेळी घरात मी एकटीच होते. हे तिला माहीत होतं. ते तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. नारळ नव्हता, शाप नव्हता, पातोळ्या सात वर्षांपूर्वी पोटात गेल्या होत्या. फक्त तोंड उघडायचं होतं.

मी म्हटलं, "माका? माका काय सांगूचा आसतला?"

"काय नाय," म्हणाली. "जेव. आमटी थंड होता." कनवटीची गाठ सोडून तिने काहीतरी काढलं, माझ्या डाव्या हातात ठेवलं आणि माझी मूठ मिटवली. मग उठून बाळाला बघायला गेली.

त्यानंतर आई एकोणीस वर्षं जगली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि एकदाही मला वेगळं वागवलं नाही. दरवर्षी पातोळी पहिली माझ्या पानात वाढायची. प्रत्येक वेळी मी उद्या सांगू म्हणायची. ती गेली त्या दिवशी सकाळीसुद्धा मी तिच्या पायांना तेल चोळत होते आणि हवापाण्याच्या गोष्टी बोलत होते.

टोपी माझ्याकडे आहे. दसऱ्याला चिंचेने घासते. आई, ती मी फेकली होती. बाबा तेव्हा जिवंत होते.